क्लचमधली हवा

क्लचचं पेडल हॉस्पिटलमधून परततानाच मऊ लागत होतं. घरी पोचेपर्यंत ते थेट तळाला जाऊ लागलं आणि गिअर पडेना. एक दिवस सोडून सकाळी पुन्हा रत्नागिरीला बाबांचं डायलिसिस होतं, आणि एसटीचे धक्के त्यांना आता सोसत नाहीत. मेकॅनिक शिमग्याला गावी गेलेला. त्याने फोनवर सांगितलं तसं दुसऱ्या दिवशी गाडीखाली शिरून पाहिलं, तर क्लचच्या पाइपचा जोड ओला होता. तिथून तेल गळून आत हवा शिरली होती.

जोड आवळला, तेल भरलं. हवा काढायला मात्र दोन माणसं लागतात. आई पहिल्यांदाच ड्रायव्हरच्या सीटवर बसली. मी सांगे तेव्हा ती पेडल दाबून धरी. मी खालून हवा सोडायचं निपल सैल करी आणि पुन्हा आवळी.

"दाबू की सोडू, एकदा काय ते नक्की सांग," ती वैतागली.

"विहिरीत घालशील गाडी," पडवीतून बाबा म्हणाले.

"उभी आहे ती. तुम्ही गप पडून राहा."

लोकांच्या आंब्याच्या बागा राखून बाबांनी मला पदवीपर्यंत शिकवलं. त्यांच्यासाठी एवढं तरी जमतंय, याचं त्या दमलेल्या अवस्थेतही बरं वाटत होतं. अखेर तेलातून येणारे बुडबुडे थांबले आणि पेडल कडक झालं.

"झाली गाडी, बाबा!" मी ओरडलो.

ते म्हणाले, "मला वाटलं, उद्या सुटी मिळेल."

"सकाळी लवकर उठवते तुम्हाला," आई म्हणाली, आणि तशीच सीटवर बसून राहिली.