सन्मानफलकावरचे सापळे

नारीन नदीकाठच्या सामूहिक शेतीवर सायराकान ही चित्रकार होती. क्लबच्या भिंतीवर उत्तम कामगारांची चित्रं काढणं तिचं काम. चेहरे हुबेहूब उतरायचे, पण मानेखाली प्रत्येक जण गुंडाळलेल्या लोकरी जाजमासारखा.

"मला पोत्यात भरलंयस का गं?" गोठ्यावरची उपेल तोंडावर विचारायची.

शेवटी सायराकान एक हिवाळा राजधानीत, फ्रुंझेला, चित्रकला शिकून आली. तिथल्या मास्तरांनी एकच गोष्ट डोक्यात भरवली होती: आधी हाडं, मग मांस, कपडे सर्वांत शेवटी. आल्या आल्या तिनं एकेकाला उभं करून खांदे, कंबर, गुडघ्याच्या वाट्या चाचपल्या आणि भिंतीवर सात सापळे रेखाटले. खाली नावं. लाल रंगाचा डबा उघडलाच होता, सुकून वाया जायला नको म्हणून बरगड्यांवर पदकंही रंगवून टाकली.

अध्यक्ष मामबेत पाहायला आले आणि पांढरेफटक पडले.

"हा मी?"

"तुम्हीच, मामबेतदादा. मांस चढायचंय अजून."

"मेजवानीत मेंढीचं मानाचं कमरेचं हाड माझ्या ताटात पडतं. आणि इथं माझीच कंबर उपेलपेक्षा लहान?"

"बायकांची रुंदच असते."

"मग माझी वाढव! अध्यक्ष कोण आहे?"

मागून त्यांची बायको कुलिपा पुढे झाली. "अगं बाई, हेच की आमचे! घोड्यावरून पडल्यापासूनचा तो उतरलेला डावा खांदा! आधीच्या चित्रात कुणी परकाच वाटायचा."

मामबेतांनी हळूच आपला डावा खांदा चाचपून पाहिला.

त्याच आठवड्यात जिल्ह्याचे साहेब तपासणीला टपकले. भिंतीसमोर उभं राहून त्यांनी चष्मा पुसला.

"हे काय?"

मामबेतांनी घसा खाकरला. "पहिला टप्पा, साहेब. हाडांचं उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण. मांस पुढच्या तिमाहीत."

साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली. "मांसात मागे पडू नका," असं बजावून ते घोडीचं आंबवलेलं दूध प्यायला गेले.

सायराकाननं मांस वेळेत चढवलं. पहिल्यांदाच तिची माणसं स्वतःच्या पायांवर उभी राहिली. कुणी एका पायावर भार टाकून, कुणी पाठीला किंचित पोक काढून. ती तासन्‌तास बघत बसली.

उपेल मात्र भिंतीला पाठ लावून उभी. "माझ्या चित्राला हात लावायचा नाही! जन्मात एवढी बारीक दिसले नव्हते."

खूप विनवण्या झाल्या. अखेर सायराकाननं तिच्या कवटीवर नुसता फुलाफुलांचा रुमाल बांधला आणि कुंचले धुवायला घेतले.