पावडर आणि मनगट

काल लेकीच्या लग्नात मेकअपवालीने पावडरचा डबा उघडत विचारलं, "दोन शेड उजळ करू ना?" त्या वासासरशी मी थेट भडगावच्या आमच्या ओसरीवर जाऊन बसले.

नव्वदच्या आसपासचा उन्हाळा. मला बघायला धुळ्याचे पाहुणे आले होते. माझ्या थोरल्या अक्काने माझ्या तोंडाला पावडरचे थरावर थर चढवले होते. घामाने ते हनुवटीखाली चिकटले होते. हातांचा मात्र तिला विसर पडला. मी चहा पुढे केला, तशी मुलाची आई माझं मनगट धरून म्हणाली, "हाई काय शे? तोंड गोरं नि हात काळा?" सगळे हसले. खाली बघत माझे वडील, आबासुद्धा.

लहानपणापासून फोटोत मागे उभी राहणारी मी. कपबशी ठेवली, पदराने खसाखसा तोंड पुसलं आणि म्हणाले, "हात खरा शे. आते तोंडबी खरं शे. देखी ल्या."

पाहुणे चहा न पिताच उठले. अक्का रडत बसली. माझ्या तोंडाला मात्र कितीतरी दिवसांनी वारा लागला होता.

मी लेकीचं मनगट मेकअपवालीपुढे धरलं. "हा रंग बघ. हाच चेहऱ्याला लाव."