मैल म्हणजे अंतर

आमच्या तलावाकाठच्या रस्त्याला हल्ली लोक निसर्गरम्य म्हणतात. म्हणोत बापडे. मला त्या रस्त्यानं जाताना नाकाला पदर लावावा लागतो.

रिसोडच्या धान्यबाजारातून हा राज्यमार्ग निघतो. आधी सोयाबीनच्या ट्रॉल्यांची गर्दी, मग भाजीवाल्यांचे मळे, वांगी आणि मेथीचे वाफे, मग एक लांबलचक चढ. चढ संपला की उजव्या हाताला तलाव दिसतो. तिथून रस्ता पाण्याच्या कडेकडेनं जातो आणि सांडव्याजवळ काठ सोडून आमच्या गावाकडे उतरतो. माझ्या आजोबांच्या वेळी ही नुसती गाडवाट होती, पावसाळ्यात बैल गुडघ्यापर्यंत रुतायचे. पुढं एका दुष्काळात रोजगार हमीवर लोकांनी खडी फोडली, त्यात माझी आईही होती. मग मुरूम पडला, रोलर फिरला, काही वर्षांनी डांबर आलं आणि रस्त्याला नंबर मिळाला. त्याच सुमारास माझे बाबा या रस्त्यावर मैलकुली म्हणून लागले.

मैलकुली म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. रस्त्याचे ठरावीक मैल एकेका माणसाच्या ताब्यात द्यायचे. तेवढ्या मैलांतले खड्डे त्यानं गिट्टी-डांबर टाकून बुजवायचे, पावसानं खचलेल्या साइडपट्ट्या भरायच्या, नाल्या मोकळ्या ठेवायच्या, रस्त्यात घुसलेली बाभूळ छाटायची, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लावायचा. बाबांच्या वाट्याला आला तो नेमका तलावाकाठचा तुकडा. तोवर मैल जाऊन किलोमीटर आले होते, तरी हुद्दा मैलकुलीच राहिला आणि बाबा शेवटपर्यंत "माह्या मैल" असंच म्हणत राहिले.

आता या शब्दानं आमचा जो छळ केला तो ऐका. वऱ्हाडात आमची बोली म्हणजे हिंदी-मराठीची खिचडी. हिंदीत मैल म्हणजे मळ, घाण. मराठीत मैला म्हणजे काय ते मी लिहीत नाही. त्यात आमचं घर बौद्धवाड्यातलं. मग काय, लोकांना अर्थ शोधायला लांब जावंच लागलं नाही. मैलकुली म्हणजे मैल उचलणारा, आणि मैल उचलणारा म्हणजे अर्थातच आमच्यातला. शाळेत पोरी विचारायच्या, "तुहे बाबा मैला उचलतात का वं?" त्यांच्या तोंडावर खरोखरची उत्सुकता असायची, त्यामुळे तर मला जास्तच शिसारी यायची.

आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला त्या दिवसापासून गावातली मेलेली ढोरं ओढणं बंद केलं होतं. गावानं त्याबद्दल त्यांना बराच त्रास दिला, पण ते बधले नाहीत. बाबा तेव्हा लहान होते. त्यांनी ते सगळं पाहिलं होतं. म्हणून सरकारी कागदावर 'मैलकुली' लिहिलेलं वाचून त्यांना अभिमान वाटला होता. सरकारनं त्यांच्या हाती रस्ता मोजून दिला होता.

मी सातवीत असताना एका ट्रकनं तलावाजवळ म्हैस उडवली. गावातली दोन माणसं थेट आमच्या दारात आली. "चाल, तुह्या मैलावर पडली, उचल," असं म्हणाली. बाबांनी शांतपणे सांगितलं, "मैल म्हंजे अंतर. म्हैस माह्या कामात येत नाही. ऑफिसात कळवतो." त्यांनी खरंच कळवलं, आणि लाल झेंडी घेऊन त्या म्हशीपासून दहा पावलांवर उभे राहिले, गाड्या कडेनं काढून देत. म्हैस फुगली, वास सुटला, कुत्री आली. तिसऱ्या दिवशी तालुक्याहून गाडी आली तोपर्यंत बाबा रोज तिथंच उभे होते, पण त्यांनी तिला बोट लावलं नाही. मी डबा घेऊन जायची आणि लांबच ठेवून ओकाऱ्या काढत पळायची. गाव म्हणत होतं, बघा किती माज आलाय. स्वतःच्या नाकाला फडकी बांधून गाव हे म्हणत होतं.

एवढं सांगायचं कारण म्हणजे बाबांना आयुष्यात एक गोष्ट हवी होती. आपल्या हुद्द्याचा खरा अर्थ कोणीतरी चारचौघांत, गावासमोर, मोठ्यानं सांगावा. बढती नको होती, बक्षीस नको होतं. निवृत्त होताना ऑफिसात हार घातला, पण तिथं गाव नव्हतं. आता ते ऐंशीच्या घरात आहेत, गुडघे गेलेत, आणि ही गोष्ट राहूनच गेली होती.

गेल्या वर्षी रस्ता रुंद झाला. काठाला रंगीत रेलिंग आलं, बसायला सिमेंटची बाकं आली, आणि वर मोठ्या अक्षरांत 'लेक व्ह्यू पॉइंट'. बाबांनी तो बोर्ड वाचून मला विचारलं, "हे लेकीईसाठी केलं काय?" मी म्हटलं, "नाही हो बाबा, लेक म्हणजे तलाव, इंग्रजीतला." ते म्हणाले, "मंग तलावच लिहाले काय झालं होतं?" मी शाळेत मराठी शिकवते, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

त्या पॉइंटवर आता काय काय असतं? गुटख्याच्या पुड्या. दारूच्या बाटल्या, निम्म्या फोडलेल्या. रेलिंगवर कापलेल्या वाढदिवसाच्या केकचा चिकट लगदा आणि त्यावर घोंगावणाऱ्या माश्या. कोंबडीची हाडं. गुंडाळी करून फेकलेले लेकरांचे लंगोट. बाकांच्या मागं मुताची डबकी. पाण्याला काठाशी हिरवट साय आलीये आणि तिच्यात थर्माकोलच्या पत्रावळी तरंगतात. त्याच पाण्याकडे पाठ करून लोक फोटो काढतात. फोटोत घाण येऊ नये म्हणून पायानं ती पाण्यात लोटतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. चांगल्या शिकल्यासवरल्या घरची माणसं होती. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

तर या पॉइंटच्या रीतसर उद्घाटनाचा कार्यक्रम ठरला आणि गावचा एक पुढारी पोरगा घरी आला. "काका, तुमचा सत्कार करायचा हाय. या रस्त्यासाठी तुमी जिंदगी घातली." बाबांनी एकच विचारलं, "माह्या हुद्दा सांगसान का? त्याचा अर्थ सांगसान का?" तो म्हणाला, "सांगू ना काका, माइकवर सांगू." बाबा लगेच तयार झाले. मी सावधपणे चार ओळी लिहून दिल्या. मैलकुली म्हणजे मैलांवर नेमलेला कामगार, मैल म्हणजे अंतर, यांनी इतकी वर्षं तलावाकाठचा रस्ता चालता ठेवला. पोराला समजणार नाही म्हणून 'अंतर' खाली दोन रेघा मारल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी बाबांनी पांढरा सदरा इस्त्री करून घेतला, दाढी केली. मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून नेलं. मांडव बाकांच्या पुढं टाकला होता, मागचा वास पुढं येतच होता. कुणीतरी त्यावर उदबत्त्या लावल्या होत्या, त्यामुळे तो वास आणखीच ओकारी आणणारा झाला होता. बाबा पहिल्या रांगेत ताठ बसले. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा माझा हात सोडून एकटे चढले.

सूत्रसंचालन करणारा कुठल्याशा क्लासचा मास्तर होता. माझा कागद त्याच्या हातात होता. त्यानं तो बघितला, घडी घातली आणि आपल्या मनानं सुरू केलं. "ज्यांनी आयुष्यभर या रस्त्याचा मैल, नव्हे, आपल्या सर्वांच्या मनाचाही मैल, स्वतःच्या हातांनी उचलला, असे आपले मैलकुली काका!" टाळ्या पडल्या. पुढाऱ्यानं शाल घातली, नारळ दिला, आणि मग फोटोसाठी कोरा करकरीत खराटा बाबांसमोर धरला. "काका, धरा. स्वच्छतेचा फोटो घेऊ."

बाबांनी हात शालीच्या आत ओढून घेतले. पोरगा हसत खराटा त्यांच्या छातीला टेकवत राहिला. "धरा ना काका, दोनच मिनटं."

माझं डोकंच फिरलं. मी मंचावर गेले, खराटा हिसकून खाली टाकला आणि त्या मास्तरला विचारलं, "वाचता येत नाही का तुम्हाला? रेघा मारून दिल्या होत्या."

तो खरंच गोंधळला. "मॅडम, कौतुकच तर केलं. मैल म्हणजे मळच ना?"

मागून एक बाई म्हणाली, "चांगलं बोलून राह्यला होता बिचारा, हिले काय झालं?" मला त्या बाईची, मास्तरची, शालीची, उदबत्त्यांची, सगळ्याची किळस आली. बाबांचा हात धरून मी त्यांना खाली आणलं.

घरी परतताना मी स्कूटीवर सारखी बडबडत होते. एवढा मोठा मांडव घालतात, नालायक मेले, एका शब्दाचा अर्थ माहीत नाही. रांगेनं उभं करून थोबाडीत द्यायला पाहिजे. आयुष्यभर तुमचा अपमान केला आणि आज शाल घालून केला. सांडव्याजवळ बाबांनी मागून माझ्या खांद्यावर थोपटलं, म्हणून मी थांबले. ते उतरले आणि कठड्यावर बसले. नारळ मांडीवर ठेवला.

"बाई, तुले येवढा राग काहून आला?"

"काहून म्हणजे? तुमचा पाणउतारा केला त्यानं, गावासमोर."

"त्याले अर्थ माहीत नव्हता," बाबा म्हणाले. "तुले माहीत होता."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "मग? मला माहीत आहे म्हणूनच तर बोलले ना."

ते तलावाकडे बघत होते. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं.

"दहावीच्या फारमावर बापाचा धंदा इचारला होता. हेडमास्तरनं मले सही कराले बोलावलं होतं. म्या सहीच्या आधी सगळा फारम वाचला, बाई."

मी काय लिहिलं होतं ते मला लख्ख आठवलं. निळ्या शाईत, सुंदर अक्षरात लिहिलं होतं. 'शेती.' आमच्याकडे तेव्हा गुंठाभरही जमीन नव्हती.