बसलिंगप्पाची दिसती पिशवी

आमच्या गल्लीत बसलिंगप्पा गादीवाल्याइतका स्वतःवर खूश माणूस दुसरा नव्हता, आणि खूश व्हायला त्याच्याइतकं कमी कारण असलेलाही नव्हता. लातूरला गंजगोलाईच्या मागं त्याचं ‘महानंदा गादी भांडार’, त्याला चिकटून माझं घड्याळदुरुस्तीचं खोकं. मधे एक पत्रा. त्या पत्र्यामुळं बारा वर्षं मला त्याच्या घरचं सगळं फुकट ऐकायला मिळालं. तेव्हा मी सांगतो त्यात तिखटमीठ जास्त पडलं असेल, पण भाजी खरी आहे.

जिल्हा होऊन तिसरं वर्ष चालू होतं. उस्मानाबादेतून सुटलो म्हणून आपण पेढे वाटले, फटाके उडवले. नकाशावर रेघ ओढणाऱ्यांचं ढगांना कळवायचं तेवढं राहून गेलं असावं. साहेब आले, जीपगाड्या आल्या, कचेऱ्यांच्या पाट्या आल्या. पाऊस आला नाही. टँकर आला की गल्लीतल्या बाया घागरी घेऊन अशा धावत की नव्या साहेबांना वाटावं, आपल्याच स्वागताला निघाल्या. लग्नं लागली ती नारळ-टॉवेलवर. गादी-उशी पुढल्या साली देऊ, असं दोन्हीकडचे परस्पर ठरवून मोकळे. बसलिंगप्पाच्या दुकानात उशा छतापर्यंत रचलेल्या आणि त्यांच्यावर धुळीचा असा थर, की त्यात हरभरा पेरता आला असता.

तेवढ्यात उदगीरहून निरोप आला. बसलिंगप्पाच्या बायकोचे, म्हणजे महानंदावैनींचे, थोरले भाऊ चंद्रप्पा, त्यांची तिथं मोंढ्यात तुरीची आडत. ‘दसऱ्याला दुकान मोडा आणि इकडं या, काट्यावर बसायला घरचा माणूस पाहिजे.’ आता यात वाईट काय होतं? पण हे चंद्रप्पा चार माणसांत बसलिंगप्पाला ‘आमचे कापूसराव’ म्हणत. उठता-बसता ते ऐकायचं, त्यांनी दिलेल्या खोलीत राहायचं आणि त्यांच्याच तुरीची पोती मोजायची, या विचारानं बसलिंगप्पाचं जेवण तुटलं.

सुटकेची एकच वाट होती. नवं सरकारी विश्रामगृह बांधून झालं होतं आणि त्याला साठ उशा घ्यायच्या होत्या. कचेरीच्या फळ्यावर कागद लागला, दहा दिवसांत नमुना आणून द्या. उशी पसंत पडली तर साठ उशा, शिवाय ‘सरकारी पुरवठादार’ ही पाटी. ती पाटी लागली की चंद्रप्पाचं तोंड बंद. बसलिंगप्पा तो कागद तीनदा वाचून, त्याची एक प्रत मागून आला आणि पत्र्यावर टकटक केली.

“नरसिंग, ऐक. उशी तर सगळेच नेतील. मी काय नेणार, सांग.”

“गादी?”

“सुम्म कूड!” तो कानडीत खेकसला. गप बस, म्हणजे. “मी उशी अशी नेणार की हात न लावता दिसली पाहिजे. हातात धरायची मूठ, वरून चेन, आन् आरपार दिसती पिशवी. साहेबानं टेबलावरून नुसती बघायची.”

त्याला उशी दाबून पाहणाऱ्या गिऱ्हाइकांचा जन्मापासून राग. आपल्याकडं उशी घ्यायची म्हणजे माणूस ती आधी बुक्क्यांनी मारतो, मग बगलेत धरतो, मग नाकाला लावतो, आणि शेवटी ‘विचारून येतो’ म्हणून जातो. बसलिंगप्पा कापूस मात्र चांगला भरायचा, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. पण चांगला माल बोलतो थोडाच? त्याच्या वतीनं बोलायला बसलिंगप्पा होता, आणि तिथंच धंदा बुडत होता.

पहिली पिशवी त्यानं खताच्या पोत्यातल्या आतल्या प्लास्टिकची केली. आत ठेवलेली उशी धुक्यात उभ्या राहिलेल्या म्हशीसारखी दिसायला लागली आणि दुकानात युरियाचा वास सुटला. मग टेबलावर अंथरायचं जाड, स्वच्छ प्लास्टिक मीटरवर आणलं. ते शिवायचं नाही, चिकटवायचं, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. स्टोव्हवर करवतीचं पातं तापवून त्यानं कडा जोडल्या. दोन जागी जोडल्या आणि पाच जागी भोकं पडली. धुरानं मी खोकत बाहेर आलो तर हा मला विचारतो, “मजबूत वाटतंय का न्हाई?”

शेवटी महानंदावैनींनी शिलाई मशीन ओढलं. प्लास्टिक मशीनच्या पायाखाली चिकटून बसायचं, सरकायचं नाही. त्यांनी बोटभर खोबरेल तेल कडेला फिरवलं आणि टाके सुरसुर पडायला लागले.

“केसाला लावायला तेल न्हाई अन् मी पिशवीला लावून राहिले,” त्या म्हणाल्या. “आपल्या लिंगायतांत देव सुदिक चांदीच्या डबीत झाकून गळ्यात घालतात. आन् तुमाला उशी उघडी करायची हौस!”

“उघडी कुठं? बंदच हाय की.”

“मग दिसती कशी?”

“त्यालाच डोकं लागतं.”

डोक्याची परीक्षा दुसऱ्याच दिवशी झाली. चेन ओढून बंद केलेली पिशवी त्यानं दुकानाच्या दारात उन्हात टांगली. दुपारपर्यंत कापसातला ओलावा बाहेर निघाला आणि पिशवीच्या आतून थेंब धरले. मी रस्त्यात उभा राहून पुकारा केला, “या हो या, टँकरशिवाय लातुरात पाणी आलं!” एक बाई खरोखर घागर घेऊन आली. बसलिंगप्पानं पिशवी उतरवली आणि माझ्याकडं वळून चार शब्द ऐकवले, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

“चिडतोस कशाला आप्पा? उशीला श्वास घ्यायला दोन भोकं पाड,” मी म्हणालो. निव्वळ थट्टा. हा गेला, कमरेचे पट्टे विकणाऱ्याकडून चामड्याला भोकं पाडायचं हत्यार आणलं, आणि बाजूला दोन गोल भोकं पाडली. लोकांची अक्कल शाळेत वाढते, याची माझ्या टवाळीवर वाढली.

पण खोटं कशाला बोलू, चौथी पिशवी देखणी झाली. कडेनं हिरवी गोट, वर चेन, धरायला पट्ट्याची मूठ. आत पांढरी उशी चारही कान ताठ करून बसलेली. बसलिंगप्पा ती हातात घेऊन गल्लीतून असा चालत गेला की बघणाऱ्याला वाटावं, आत जिल्ह्याच्या किल्ल्या आहेत.

पहिलं मत सरजाबाईचं घ्यायचं ठरलं. सरजाबाई आमच्या गल्लीची चिकित्सक म्हातारी. तिनं नावाजलं म्हणजे साहेब काय चीज! तिनं पिशवी चारी बाजूंनी फिरवली.

“बरी हाय. काढ बाहेर.”

“बाहेर कशाला, मावशी? दिसतंय की समदं.”

“दिसाया ती काय सिनेमातली बाई हाय? हात न्हाई लावायचा तर डोकं कसं लावू?”

“डोकं नंतर. आधी बघून पसंत करायची.”

म्हातारीनं ऐकलं नाही. पिशवीसकट उशी ओट्यावर ठेवली आणि गाल टेकून आडवी झाली. उन्हानं प्लास्टिक तापलेलं. उठायला लागली तर गाल सोडेना. सुटला तेव्हा चर्र आवाज आला आणि गालावर टाक्यांची रांग उमटली.

“तुझ्या साहेबाला लगीन करायचं आसंल तर ने,” ती म्हणाली. “झोपायचं आसंल तर नको.”

यातून शहाणा माणूस काही शिकला असता. बसलिंगप्पा म्हणाला, “जुनी माणसं.”

नमुना द्यायचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा त्यानं तो कागद मला पहिल्यांदा नीट वाचायला दिला. खाली ओळ होती, ‘नमुना सीलबंद सादर करावा.’

“म्हणजे लाख लावावी लागेल आप्पा,” मी म्हणालो. “सगळे काय करतात, वर मांजरपाट गुंडाळतात, शिवतात, आन् शिवणीवर लाखेचे ठिपके देतात. वैनींना सांग, दहा मिनिटांत होईल.”

“मांजरपाट? वरून?” त्याचा चेहरा असा झाला की जणू मी त्याच्या लेकीच्या तोंडावर चादर टाकायला सांगितली. “झाकायचंच होतं तर आठ दिवस ही पिशवी केली कशाला?”

“नियम हाय.”

“नियमात सीलबंद लिहिलंय. झाकून कुठं लिहिलंय?”

आणि त्यानं मेणबत्ती पेटवली, लाल लाखेची कांडी धरली आणि उकळती लाख थेट चेनीवर ओतली. आता लाखेखाली नेहमी कापड असतं, कागद असतो. बसलिंगप्पाच्या लाखेखाली टेबलावर अंथरायचं प्लास्टिक होतं. ते आधी सुरकुतलं, मग विरघळलं, आणि लाख चेनीसकट आत उतरून उशीच्या कानावर जाऊन बसली. एका ठिकाणी असं झालं तेव्हा माणूस थांबतो. याला वाटलं, ठिपका कमी पडला, म्हणून आणखी तीन दिले.

महानंदावैनी बाहेर आल्या, एकवार बघितलं आणि म्हणाल्या, “उदगीरची गाडी किती वाजता असती, भावजी?”

दुसरी पिशवी करायला वेळ नव्हता. आम्ही दोघं कचेरीत गेलो. हा मूठ धरून पुढं, मी मागं. तमाशा घरबसल्या दिसत नसला की मी चालत जातो. टेबलावरच्या कारकुनानं पिशवी उलटीसुलटी केली.

“हे उघडंय का बंद?”

“बंद.”

“मग आतलं कसं दिसून राहिलं?”

“दिसण्यासाठीच हाय ते.”

“अहो, सीलबंद म्हणजे दिसायला नको.”

“तसं लिहिलंय का कुठं?”

कारकुनानं कागद वाचला. पेनानं कान खाजवला. तसं लिहिलेलं नव्हतं. त्यानं वहीत नोंद केली, ‘बंद, परंतु दृश्य.’ बसलिंगप्पा माझ्याकडं असा बघून हसला की जणू खटला जिंकला.

साहेब पुण्याकडचे. टेबलावर पाच-सहा नमुने, सगळे मांजरपाटात शिवलेले, आणि मधे आमची राणी. त्यांनी चष्मा सावरला.

“या उशीवर पान कोण थुंकलं?”

“लाख हाय ती, साहेब. सील.”

“बरं. काढा बाहेर.”

बसलिंगप्पानं चेन ओढली. चेन लाखेत गाडलेली, हलेना. त्यानं दाताला लावली. शिपाई मदतीला आला. एकानं पिशवी धरली, एकानं लाखेनं विरघळलेल्या जागेतून आत हात घालून उशी धरली, आणि दोघांनी गायीचं वासरू ओढावं तशी ओढली. पिशवीचा एक टाकाही उसवला नाही. उशी मात्र कानापासून कमरेपर्यंत फाटली, वर पंखा गरगरत होता, आणि कापूस खोलीभर झाला. साहेबांच्या डोक्यावर, फायलींवर, शाईच्या दौतीत. इतका पांढरा, निवडक कापूस की माझासुद्धा जीव हळहळला. बसलिंगप्पा तो हवेतून वेचत होता आणि म्हणत होता, “बघा साहेब, एक सरकी सापडली तर सांगा. एक सरकी.”

साहेबांनी ओठावरचा कापूस काढला. “पिशवी मजबूत आहे,” ते म्हणाले, आणि शेजारचा मांजरपाटातला नमुना पुढं ओढला. साठ उशा बाहेरगावच्या कुणा व्यापाऱ्याकडं गेल्या. आमची पिशवी तिथंच राहिली. परत मागायची हिंमत बसलिंगप्पाला झाली नाही.

दोन दिवस पत्र्यापलीकडून हूं की चूं नाही. तिसऱ्या दिवशी भांडी कागदात गुंडाळल्याचा आवाज आला. वैनी सामान बांधत होत्या. मी चहाचं निमित्त काढून गेलो. बसलिंगप्पा उशांच्या राशीला पाठ टेकून बसला होता. मी म्हटलं, “काय कापूसराव,” आणि म्हणताक्षणी जीभ चावली. तो नुसता खाली बघत राहिला. गप्प बसलिंगप्पा मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि चिडवायला त्यात काही मजा नव्हती.

तेवढ्यात कचेरीचा शिपाई दारात उभा. तोच, उशी ओढणारा.

“साहेबांनी विचारलंय, तसल्या पिशव्या दोनशे मिळतील का?”

बसलिंगप्पा ताडकन उठला. “दोनशे उशा?”

“उशा न्हाई हो. नुसत्या पिशव्या. जिल्हा नवा, कपाटं अजून आली न्हाईत. दुष्काळी कामाच्या हजेऱ्यांवर धूळ बसून नावं वाचता येईनात. तुमच्या पिशवीची लाख खरवडून कारकुनानं तिच्यात हजेऱ्या घालून ठेवल्या, तर बंद बी राहतात आन् दिसतात बी.”

आता कुणीही हो म्हणाला असता. बसलिंगप्पानं छाती काढली. “साहेबाला सांग, उशीशिवाय पिशवी विकत न्हाई. ती उशीची हाय. मी कागदं झाकायला जन्माला आलो का?”

“न्हाई,” मी म्हणालो, “तुरीची पोती मोजायला आलास. गाडी साडेचारला हाय.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग बांधलेल्या भांड्यांकडं. शिपाई जायला वळला. आतून मशीनवरचं फडकं काढल्याचा आवाज आला आणि महानंदावैनींचा आवाज आला, “शिपाईदादा, किती दिवसांत पाहिजेत?”

“पंधरा.”

“हजेरीचं माप आणून द्या. ही लई फुगीर होती.”

बसलिंगप्पा काही म्हणाला नाही. हे त्याच्या आयुष्यातलं सर्वांत शहाणं वाक्य, असं मी मानतो.

संध्याकाळी तो पोस्टकार्ड घेऊन माझ्या खोक्यावर आला. त्याचं अक्षर म्हणजे पिंजलेला कापूस, म्हणून पत्रं मीच लिहायचो. चंद्रप्पांना कळवायचं होतं, दसऱ्याला येणं होत नाही.

“कारण काय लिहू?”

“लिही, जिल्ह्याचं काम हाती घेतलंय.”

“कसलं काम, असं विचारतील की.”

त्यानं मागं बघितलं. पत्र्यापलीकडं मशीन चालू होतं, तेलाचा वास येत होता.

“लिही... जबाबदारीचं.”

मी लिहिलं. “सही मात्र मीच करणार,” म्हणून त्यानं कार्ड ओढून घेतलं, आणि ‘बसलिंगप्पा’ इतकं मोठं काढलं की पत्ता लिहायच्या जागेवर चार अक्षरं गेली. मग पंधरा पैशांचं दुसरं कार्ड मलाच आणावं लागलं.