मागे राहणाऱ्या माशाचं जेवण

मामंजींना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचं तळ्यावर जाणं बंद झालं. त्याआधी ते रोज सकाळी कणकेच्या गोळ्या घेऊन पद्मतीर्थावर जात, माशांना घालत आणि घरी आल्यावरच पानावर बसत. उजवा हात गेला, पाय गेला, बोलणं जड झालं, तरी हा नेम काही त्यांच्या मनातून गेला नाही. पान पुढं ठेवलं की तोंड फिरवायचे. थोरली सून मी, त्यांचं खाणंपिणं माझ्याकडं. वैद्यांनी बजावलं होतं की पोटात अन्न गेलं तर माणूस उभा राहील, नाहीतर कठीण आहे.

यावर तोड काढली त्यांच्या जुन्या स्नेह्यांनी. ते अत्तराचे व्यापारी. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. हैदराबादहून माल आणायला गेले आणि येताना घासलेटच्या डब्यात चार सोनेरी मासे घेऊन आले. हिंगोलीपर्यंत आगगाडी, पुढं मोटार, आणि डबा सगळा वेळ मांडीवर. डबा आधी सोड्यानं धुतला होता का, हे मी पहिल्यांदा विचारून घेतलं.

"तलाव घरी आणला, भाऊसाहेब," चाचा म्हणाले. "आता ना म्हणाची सोय नाई!"

कंदील दुरुस्त करणाऱ्याकडून पत्र्याच्या चौकटीत काचा बसवून पेटी करून घेतली आणि मामंजींच्या खाटेसमोर तिवईवर ठेवली. विहिरीचं पाणी रात्रभर घागरीत निवळू द्यायचं, सकाळी थोडं जुनं काढून तेवढंच नवं घालायचं. मासे तगले. मी गोळ्या टाकायची, मामंजी बघायचे, मग मी त्यांना भरवायची. डाव्या हातानं ते कोणाला काही देत नसत आणि स्वतः जेवतही नसत. पण भरवलेलं खाऊ लागले. घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

ते फार दिवस टिकलं नाही. एका सकाळी त्यांनी पहिलाच घास हातानं बाजूला सारला.

"त्यानं नाई खाल्लं," ते म्हणाले.

"कोणी?"

त्यांनी बोट दाखवलं. तीन मासे लांबट आणि चपळ होते. चौथा गोल, फुगीर पोटाचा, दुहेरी शेपटीचा. दिसायला तोच देखणा, पण ती शेपटी म्हणजे लुगड्याचा घोळ पायात यावा तशी. गोळी पाण्यावर पडली की तिघे झेप घालत. हा वळून वर येईपर्यंत पाणी मोकळं. मी इतके दिवस चार माशांना घालत होते, ते जात होतं तिघांच्याच पोटात. ते मला दिसलं नव्हतं, मामंजींना दिसलं. दिवसभर ते तेवढंच तर बघत होते.

मी जास्त गोळ्या टाकल्या. तिघांनी जास्त खाल्ल्या. उरलेली कणीक विरघळून पाणी ताकासारखं झालं, आणि गोल मासा तळाशी जाऊन बसला. मामंजींनी दुधाचा पेलासुद्धा परत पाठवला.

त्यात आळीतल्या बायका. घरबसल्या माशांना घालायचं पुण्य मिळतं म्हटल्यावर येणारी प्रत्येक जण पदरात चिमूटभर कणीक घेऊन यायची. पुण्याला नाही कसं म्हणायचं? पण पाण्याकडं बघून मी नाही म्हटलं. शेजारच्या काकू उंबऱ्यातच थबकल्या.

"काहून वं? माह्या कणकेत काय किडे हायेत?"

"किडे नाहीत, काकू. पाणी नासतं. आजपासून एका दिवशी एकीनंच यायचं. तुमची पाळी सोमवारी."

"बाप्पा! माणसायले रेशनिंग लागलं ते लागलं, आता माशायलेही लावलं का तुनं?"

आतून मामंजी हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा. पण जेवले नाहीत.

मग मी पेटीत तांदळाची चाळणी उभी केली. अलीकडं तिघे, पलीकडं गोल मासा, त्याचं त्याला स्वतंत्र. मला वाटलं, प्रश्न सुटला. पण तो चाळणीला तोंड लावून पलीकडच्यांकडं बघत राहिला आणि त्याची गोळी तशीच फुगत गेली. मामंजी तर रागानं लाल झाले.

"काढ ते," ते म्हणाले. एकेक शब्द त्यांना ओढून काढावा लागत होता. "पंगतीतून... उठवलं त्याले. कायले? त्याचा काय... गुन्हा हाय?"

आमच्याकडं पंगतीतून उठवणं म्हणजे माणसाला वाळीत टाकणं. मी चाळणी काढली. त्या दिवशी त्यांच्या पोटात फक्त पाणी गेलं. संध्याकाळी ह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबा असेच राहिले तर?"

पंगत हा शब्द मात्र डोक्यात राहिला. लग्नात वाढायला मी पुष्कळदा उभी राहिले आहे. हावरट पाहुणा ओळीत असतोच. त्याला कोणी उठवत नाही. त्याच्या पानात आधी काहीतरी वेळखाऊ वाढायचं आणि तो त्यात गुंतला की ओळीच्या टोकाला जायचं. चपळ माशांना वेळ लागेल असं काय आहे, एवढंच शोधायचं होतं.

पालकाचं पान उकळत्या पाण्यातून काढलं आणि दोऱ्यानं पेटीच्या एका कोपऱ्यात बांधलं. तिघे त्यावर तुटून पडले. पान गिळता येईना, सोडवेना, ओढाताण सुरू. आता गोल माशाला कणीक नको, ती वर तरंगते आणि विरघळते. वाटाणा मऊ शिजवला, साल काढली, बारीक तुकडे केले. ते बुडतात. पण वरून टाकले तर पडता पडता तिघांना दिसणार. परसात पपई होती. तिच्या पानाचा लांब देठ आतून पोकळ असतो, पोरं त्याची पिपाणी करतात. तो कापून धुतला आणि मामंजींच्या डाव्या हातात दिला.

"डाव्या हातानं नाई," ते म्हणाले.

"देणार मी, उजव्या हातानं. तुम्ही फक्त देठ धरायचा. त्याच्या तोंडासमोर न्यायचा."

त्यांनी जरा विचार केला आणि देठ धरला. देठ पेटीच्या काचेवर टकटक वाजत होता. चाचा नेमके तेव्हाच आले, जोडे काढून गुपचूप भिंतीशी उभे राहिले. देठाचं टोक गोल माशाच्या नाकासमोर आलं. मी वरून वाटाण्याचा कण सोडला, मागून घोटभर पाणी. कण घरंगळत खाली गेला आणि माशासमोर पडला.

माशानं तो तोंडात घेतला आणि थुंकला.

"अरे बह्याडा!" चाचा न राहवून ओरडले. "बादशाही खाना हाय तो!"

मामंजींनी डोळ्यानंच त्यांना गप्प केलं. माशानं वळून पुन्हा तो कण घेतला. या वेळी बाहेर आला नाही. दुसरा सोडला, तोही गेला. कोपऱ्यात तिघांची पालकाशी झटापट चालूच होती, त्यांना पत्ताच नव्हता. तिसरा कण गेल्यावर मामंजींनी देठ खाली ठेवला. कपाळावर घाम आला होता.

"वाढ," ते म्हणाले.

मी धावत आत गेले. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करलेली होती, वांग्याची भाजी होती. पहिला घास दिला, दुसरा दिला. त्यांनी सावकाश चावला, गिळला आणि कपाळाला आठी घातली. तिसरा घास माझ्या हातातच राहिला.

"भाजीत," ते म्हणाले, "मीठ कमी हाय."

"वा!" चाचा भिंतीजवळून म्हणाले. "आता भाऊसाहेब बरे झाले. सूनबाई, घाल मीठ!"

मी मीठ आणायला उठले.