थांब म्हणणारा तांडेल

आमच्या तांडेलला घाईत असलेलं माणूस बघवत नसे. त्यातही नुकतीच पदवी हातात पडलेलं. पालघरच्या आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिका मिळाल्या, त्या दिवशी सगळी गर्दी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानावर तुटून पडली होती आणि हा गेटजवळच्या कट्ट्यावर बसून निवांत चिकू सोलत होता. मी फाईल छातीशी धरून निघाले, तर म्हणाला, "अगो, इतकी धावतेस कशाला? पाटी कुत्रं लागलंय काय?" मी हसले आणि थांबले. अर्धा चिकूही खाल्ला.

तो एडवणचा. वडील मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे कारभारी. मुलगा काही समुद्रावर गेला नाही, पण आम्हा पाच-सहा जणांची नाव तोच हाकायचा, म्हणून त्याचं नाव तांडेल पडलं. आमच्यापुढे दोन वर्षं होता, बीएस्सीला रसायनशास्त्र घेऊन चांगल्या मार्कांनी पास झालेला, आणि तरीही नोकरी न धरलेला. आम्हाला याचंच भारी कौतुक.

आमच्या बोईसरला पदवीनंतर दोनच रस्ते माहीत. एक एमआयडीसीतल्या कारखान्याच्या गेटकडे जातो, दुसरा स्पर्धा परीक्षेच्या क्लासकडे. मुलीसाठी तिसराही असतो, तो मांडवाखालून जातो. माझे वडील सांगलीकडून येऊन इथे ऑपरेटर झाले होते. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "पोरी, वर्षभर वाट बघीन. नोकरी धर, नाहीतर स्थळं बघायला बसायचं." माझ्याकडे होतं ते एवढं एक वर्ष.

तांडेलचं तत्त्वज्ञान समुद्रावरचं होतं. उधाण ओसरलं की पाण्याची ओढ कमी होते, जाळ्यात मासळी येत नाही. त्या दिवसांना भांगाचे दिवस म्हणतात. शहाणा कोळी तेव्हा किनाऱ्यावर बसून फाटलेलं जाळं सांधतो. "डिगरी झाली का मानसाला भांग लागतो," तांडेल सांगायचा. "तवा जाळं सांदून घ्यायचं. नोकरी काय, हायच जनमभर." एकदा त्याची आई अंगणात बोंबील निवडत हे ऐकत होती. ती तिथूनच ओरडली, "भांग चार दिसांचा असतो रे! तुजा दोन वरीस झाला तरी सरत नाय!" आम्ही पोट धरून हसलो. माउली खरं तेच बोलत होती, पण आम्हाला विनोद वाटला.

त्याने मात्र आमची जाळी खरंच सांधली, हे नाकबूल करणार नाही. वाणगावला मिरचीच्या शेतात तोडणीला नेलं. हातांची आग रात्रभर गेली नाही. त्याच्या आईने मला दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकायला शिकवलं. शिरगावच्या किल्ल्यावर बसून तो दुनियेच्या गप्पा मारायचा, आणि मला पहिल्यांदाच वाटलं, की आपणही कुणीतरी आहोत, नुसता बायोडेटा नाही. घरी कुणी विचारला नव्हता तो प्रश्न त्याने मला विचारला होता, "रेश्मे, तुला काय आवडतं?"

मला शिकवायला आवडतं, हे तिथेच कळलं. मग बोईसरच्या चाळींमागे, एका देवळाच्या ओसरीवर, कामगारांच्या मुलांसाठी आम्ही संध्याकाळचा वर्ग काढला. मुलं हिंदी बोलणारी, तांडेलची हिंदी एडवणची, तरी त्यांचं मेतकूट जमलं. हजेरी तो घेत नसे. भिंतीवर कोळशाने मोठी बोट काढली होती आणि तो खलाशी मोजायचा. एखादा कमी भरला की स्वतः त्याच्या खोलीवर जाऊन काखोटीला मारून आणायचा.

नारळी पौर्णिमेला त्याने आम्हाला एडवणला नेलं. सगळ्यांनी एकाच नारळाला हात लावला आणि पुढच्या पौर्णिमेपर्यंत वर्ग सोडायचा नाही असं ठरवून तो पाण्यात सोडला. "दर्याला दिलेला शबुद परत घेता येत नाय," तांडेल गंभीरपणे म्हणाला. मी कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली मुलगी. मला काय माहीत दर्याचे कायदे? मी त्याच्या तोंडाकडे बघून विश्वास ठेवला.

दिवाळीनंतर एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये माझी निवड झाली. अर्ज वडिलांच्या धाकाने जूनमध्येच केला होता. ते पेढे घेऊन आले. मी ते पत्र तांडेलला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "जागा काय, येतच रातात. ही पोरं परत मिलतील काय तुला?" नकार लिहायला बसले तर माझा हात चालेना. तोच शेजारी बसला आणि एकेक वाक्य सांगत गेला. "घरची अडचन हाय असं लिव. कोनाचं मन दुकवायचं नाय." शेवटी विचारलं, "कोनाला पाटवतेस? सायबाचं नाव काय?" मी नाव सांगितलं.

वडील चिडले नाहीत. तेच जास्त लागलं. नुसतं "बरं" म्हणाले, आणि आठवडाभरात घरात मुलांचे फोटो यायला लागले.

तांडेल वर्गाला येईनासा झाला. आई आजारी आहे म्हणाला. मी एकटीच खलाशी मोजत राहिले. मग एका संध्याकाळी वडील शिफ्टवरून आले, डबा ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा तांडेल दिसला बसस्टॉपवर. तुझ्याच जागेवर लागलाय."

दुसऱ्या दिवशी कंपनीची बस थांबते तिथे जाऊन उभी राहिले. मला बघताच त्याने गळ्यातलं ओळखपत्र खिशात सारलं.

"तुला हवी होती, तर मला सांगायचं होतंस," मी म्हटलं. "मागितली असतीस तर दिली असती रे."

"म्हाइत हाय. म्हनूनच नाय मागितली. मागून घेतली असती तर तुज्यासमोर कवाच ताठ उभा रायलो नसतो."

"आणि आता?"

त्याने खिशातलं ओळखपत्र चाचपलं. मग हळूच म्हणाला, "मी सगल्यांनाच थांब म्हनायचो, रेश्मे. दोन वरीस. मान डोलवायचे नि आपापल्या वाटंनी जायचे. कोन खरं धरंल असं वाटलं नवतं. तू धरलंस."

यापेक्षा त्याने खोटं बोलायला हवं होतं. जागा गेली याचा राग मी कधीच गिळला असता. पण ज्या शब्दांवर मी घरात भांडण ओढवून घेतलं, ते शब्द बोलणाऱ्यालाच खरे वाटत नव्हते, हे मात्र आजही गिळता येत नाही. तो आता कायम झालाय. बाजारात दिसला तर हात करतो. मी दुकानांच्या पाट्या वाचत पुढे जाते. मला काय आवडतं हे त्यानेच मला दाखवलं, म्हणून त्याला शिव्यासुद्धा मनापासून देता येत नाहीत. हाही त्याने केलेला घातच.

त्याच संध्याकाळी बसस्टॉपवरून मी सरळ वर्गावर गेले होते. डोळे पुसून ओसरीवर चढले, तर पिंकी नावाची चिमुरडी वाटच बघत होती. "टीचर, तांडेल सर कब आयेंगे?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "नहीं आयेंगे. उनकी नौकरी लग गयी."

मग सगळी पोरं एकदम टाळ्या वाजवायला लागली. दोघं-तिघं तर उठून नाचली. सरांना नोकरी लागली! त्यांच्या खोल्यांमध्ये याहून मोठी बातमी कधी येत नसावी. मीही त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवल्या. काय करणार? टाळ्या थांबल्यावर पिंकीने माझा हात धरला आणि अगदी मायेने विचारलं, "और आपकी कब लगेगी, टीचर?"