डावऱ्या हाताची सर्व्हिस

उज्ज्वलाची सर्व्हिस आली की समोरच्या पोरी डोळे मिटून घ्यायच्या. मी कौतुकानं सांगत नाही. मला तेव्हा त्याचा रागच यायचा. समोर कोणी चेंडू उचलणारंच नसेल तर सराव कसला करायचा, म्हणून मी तिला ओरडायचो, "जरा हळू मार की!" ती हसायची आणि पुढचा चेंडू त्याहून जोरात मारायची.

मी आसेगावच्या शाळेत बावीस वर्षं पीटी शिकवतो आहे. आमचं व्हॉलीबॉलचं मैदान म्हणजे निम्मं मुरूम आणि निम्मी हरळी. नेट इतक्या वेळा शिवलंय की मूळचं किती उरलं कोण जाणे. उज्ज्वला आठवीत असताना जवळच्या बंजारा तांड्यावरून चालत या मैदानावर आली. तिचे आईवडील, गोमतीबाई (आईला ती 'याडी' म्हणायची) आणि गुलाबसिंग, दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. तेवढे महिने ती थोरला भाऊ वीरेंद्र आणि वहिनीजवळ राहायची. पहिल्याच दिवशी मी तिच्याकडे चेंडू फेकला, तर तिनं तो डाव्या हातानं असा परत मारला की माझ्या गळ्यातली शिट्टी फुटता फुटता राहिली.

गंमत अशी की तो डावा हात फक्त चेंडूपुरता होता. भाकरी उजव्या हातानं, लिहिणं उजव्या हातानं, विळाही उजव्याच हातात. लहानपणी डाव्या हातानं घास उचलला की गोमतीबाई त्या हाताला चिंधी बांधून ठेवायची. पोरगी डावरी आहे असं सोयरिकीच्या वेळी कळलं तर पाहुणे नाक मुरडतील, ही तिची धास्ती. जन्माची डावरी पोरगी अशी उजवी झाली. पण चेंडू वर गेला की डावा हात आपोआप उठायचा, त्याला कोणी चिंधी बांधू शकलं नाही. हे तिच्या घरच्यांना आणि आमच्या मैदानाला माहीत होतं, बाकी कोणाला नाही.

अकरावीत तिच्या मानेला गाठ आली. आधी तांड्यावरचे उपाय झाले, मग वाशीम झालं, मग नागपूर. गाठीचा कॅन्सर निघाला. गुलाबसिंग टोळीबरोबर कारखान्यावर होता, वीरेंद्रला दवाखान्याच्या कागदांची भीती वाटायची, म्हणून गोमतीबाई माझ्या दारात येऊन उभी राहिली. "सर, तुमी चाला संगं. डॉक्टर काय बोलतेत, मले काही उमजत नाही." मी गेलो. पहिल्या दोन किमोतच पोरीच्या हातावरच्या शिरा जळून काळ्या पडल्या. तिसऱ्या वेळी सुईला शीर सापडेना. तेव्हा डॉक्टर म्हणाले की गळ्याखाली, कातडीच्या आत पोर्ट बसवू. रुपयाएवढी डबी असते, तिची बारीक नळी आतल्या मोठ्या शिरेत सोडतात. मग औषधासाठी दर वेळी हातावर शीर शोधायला नको.

डॉक्टरांनी खांद्याकडे बघत विचारलं, "हिचा कामाचा हात कोणता? त्याच्या दुसऱ्या बाजूला बसवतो."

"उजवा," गोमतीबाई पटकन म्हणाली.

उज्ज्वलानं माझ्याकडे पाहिलं. मला आठवतं, अगदी नीट आठवतं. खाटेवर बसलेली ती, मानेला पट्टी, आणि ते माझ्याकडे बघणं. मी काहीच बोललो नाही.

परक्या डॉक्टरसमोर आईला खोटं कसं पाडायचं, असं नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण कारण ते नव्हतं. नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी मी कपाटातून तिची सात नंबरची जर्सी काढून मंजुषाला दिली होती. मंजुषा तिच्यानंतरची बरी खेळणारी. माझ्या मनात उज्ज्वलाचा खेळ संपला होता. आता कसली सर्व्हिस आणि कसला डावा हात, असं वाटून मी गप्प बसलो. डॉक्टरांनी डाव्या बाजूला खूण केली आणि पोर्ट तिथेच बसला.

पुढे चार महिन्यांनी, एका सकाळी सराव चालू असताना, ती मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली. डोक्यावर ओढणी, खाली केस नव्हते. मला वाटलं भेटायला आली.

"सर, खेळू का मी?"

मी भडकलोच. "डोकं फिरलं का तुझं? घरी जा!"

"डॉक्टरनं हो म्हटलं," असं म्हणत तिनं दवाखान्यातल्या सूचना लिहिलेली वही काढली. आतली पानं न बघताच ती पाढे म्हणावे तशी म्हणू लागली. "टाके भरले, आता चालते. पोर्टले सुई टोचली असन त्या दिवशी मैदान नाही. रक्तातल्या पेशी कमी असल्या का चेंडूले हात लावाचा नाही. ताप आला, जागा लाल झाली, दुखली, हात सुजला, का खेळ बंद अन् सीधा दवाखाना. कबड्डी नाही, खाली झोकून द्याचं नाही, छातीवर मार बसन असं काहीच नाही." ती थांबली. "अन् त्या बाजूचा हात डोक्यावरून जोरात फिरवाचा नाही. आतली नळी हाडाखाली घासते, तुटू शकते."

त्या बाजूचा हात. मी शिट्टी तोंडात धरून उगाच पोरींकडे बघत राहिलो.

पोर्ट दुसऱ्या बाजूला हलवता येईल का, हे पुढच्या फेरीत मी डॉक्टरांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, नीट चालतोय तो कशाला उकरायचा, पुन्हा चिरफाड, पुन्हा जंतूंची भीती. त्यांचं बरोबर होतं.

मग उज्ज्वला उजव्या हातानं खालून सर्व्हिस शिकली. पाचवीतली पोरं मारतात तशी, कमरेजवळून. ती शिकताना बघणं मला नको व्हायचं. पहिल्या आठवड्यात चेंडू नेटपर्यंतसुद्धा जाईना. जिच्या चेंडूला लोक डोळे मिटायचे तिचा चेंडू मध्येच टप्पा खायचा, आणि ती स्वतःच चालत जाऊन उचलून आणायची, मध्ये दम खायला खाली बसायची. गोमतीबाई त्या वर्षी ऊसतोडीला गेली नाही. ती बाभळीखाली बसून राहायची. तिनं आपल्या जुन्या कांचळीचं, म्हणजे आरसे लावलेल्या चोळीचं, कापड घेऊन, त्यावरचे आरसे एकेक उसवून काढून, आत कापूस भरून पोर्टवर ठेवायला मऊ गादी शिवली. आरसा टोचू नये म्हणून. नागपूरच्या सिस्टरनं ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, ठीक आहे, फक्त आवळून बांधू नका, आणि हिच्या भरवशावर धडकाधडकी नको.

सगळ्या पोरींनी ठरवून टाकलं की तिच्या अंगावर चेंडू मारायचा नाही. ते तिच्या लक्षात आलं तेव्हा ती चिडली. "मले वगळून काहून खेळून राह्यल्या? मी काय खांब हाओ काय?" शेवटी आमच्यात तह झाला. तिनं फक्त सर्व्हिस टाकायची आणि लगेच रेषेबाहेर यायचं. तो गुण बाकी पाचजणी खेळतील.

असं करत ती पुढचं वर्ष खेळली. किमो संपली, पोर्ट मात्र अजून काही दिवस असू द्या म्हणाले. दर महिन्याला तो धुवून घ्यायला ती नागपूरला जायची, आली की दुसऱ्या दिवशी मैदानावर हजर. माझी शिट्टी घाबरत घाबरत वाजायची, तर म्हणायची, "सर, मी खेळून राह्यली अन् दम तुमाले लागून राह्यला?"

जानेवारीत अनसिंगच्या शाळेच्या पोरी आमच्याकडे मैत्रीचा सामना खेळायला आल्या. उज्ज्वलाची पद्धत त्यांनीही मान्य केली. पंच मीच होतो. तिसरा सेट चौदा-चौदावर आला आणि सर्व्हिस उज्ज्वलाची. तिच्या खालून येणाऱ्या चेंडूला आता कोणी घाबरत नव्हतं, त्या पोरी तो आरामात उचलत होत्या. उज्ज्वला मागे गेली. मग आणखी चार पावलं मागे गेली. ती तिची जुनी जागा होती, जिथून ती डाव्या हातानं मारायची. चेंडू तिनं उजव्या तळव्यावर घेतला.

मी शिट्टी वाजवली. वाजवायला नको होती.

चेंडू उंच गेला. तिचा डावा हात कानामागं गेला, कोपर वर, सगळं पूर्वीसारखं. बाभळीखाली गोमतीबाई ताडकन उठली आणि तिनं स्वतःच्याच डाव्या खांद्याखाली हात दाबून धरला. उज्ज्वलाचा हात हवेतच थांबला. चेंडू तिच्या पायांपुढे पडला, दोनदा उडाला आणि घरंगळत माझ्याकडे आला.

फाऊल द्यावाच लागला. पुढचा गुणही अनसिंगनं घेतला आणि आम्ही हरलो.

पोरी पाणी प्यायला गेल्यावर ती माझ्याजवळ आली. चिडलेली नव्हती.

"सर, तुमाले तं माईत होतं ना?"

"काय?"

"नागपूरले डॉक्टरनं हात इचारला तवा. याडी सोयरिकीच्या धाकानं बोलली. मी याडीच्या धाकानं गप राह्यली. तुमी कायले गप राह्यले?"

मी पन्नाशीचा माणूस. पोरांना खोटं बोलल्याबद्दल उठाबशा काढायला लावणारा. मी म्हणालो, "त्या गडबडीत माझ्या लक्षातच आलं नाही बघ."

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "होते असं कवा कवा," म्हणाली, आणि नेट सोडायला गेली.

पावसाळा संपता संपता गाठ पुन्हा आली. या वेळी पोटात. दसऱ्यानंतर मी नागपूरला तिला भेटायला गेलो तेव्हा दुपार होती, गोमतीबाई औषध आणायला खाली गेली होती. पोर्टला सुई लावलेली, वर पारदर्शक पट्टी. शेजारी उशीवर ती आरसे काढलेली गादी. उज्ज्वलाचा डावा हात चादरीवर पडला होता, इतका बारीक की मला तो ओळखू आला नाही.

मी बसलो आणि बोलून टाकलं. "त्या दिवशी मी खोटं बोललो, बाळा. माझ्या लक्षात होतं. मला तेव्हा वाटलं..."

"मले माईत हाय," ती म्हणाली. "सात नंबर तुमी आदल्या दिवशीच मंजुषाले देला होता. ते जर्सी घालून मले दाखवाले आली होती तांड्यावर. तिले कुठी माईत, का मी वापस येनार हाओ."

"मग मी खोटं बोललो तेव्हा तसं म्हणाली का नाहीस?"

"तुमी रडले असते, सर. लय पोरी होत्या जवळच." ती थोडी हसली, मग हसणं थांबलं. "तुमी मले तवाच मेली समजले. मी तं त्याच्यानंतर दीड वर्स खेळली."

मी रडलो. तिथं पोरी नव्हत्या. तिनं तोंड खिडकीकडे केलं आणि मला रडू दिलं.

ती डिसेंबरात गेली. तांड्यावर मी गेलो होतो, पण काय बोललो ते आठवत नाही. मंजुषानं सात नंबरची जर्सी धुऊन, घडी करून माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी ती कोणाला दिली नाही. मला आता कोणाचाही खेळ संपला असं ठरवायची भीती वाटते. पाय मोडलेल्या पोरालासुद्धा मी यादीतून काढत नाही, हेडमास्तर माझ्यावर वैतागतात.

यंदा जूनमध्ये शाळा उघडली. पाचवीच्या नव्या पोरांची नावं खेळासाठी लिहून घ्यायला मी वर्गाबाहेर टेबल टाकून बसलो होतो. पालकांची गर्दी होती. रांगेत गोमतीबाई उभी होती, हाताशी वीरेंद्रची मुलगी. गोमतीबाई वर्षात दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. नाव लिहिलं, वय लिहिलं. माझ्या कागदावर पुढचा रकाना हाताचा असतो, डावा की उजवा. तो मी उज्ज्वला गेल्यावर आखला. पण गोमतीबाईला तो प्रश्न विचारायला माझी जीभ उचलेना. मी पेन धरून तसाच बसलो.

"लिवा ना, सर," गोमतीबाई म्हणाली. आवाज एवढा मोठा की मागचे लोक बोलायचे थांबले. "डावरी हाय हे. माही नात डावरी हाय."

पोरीनं लाजून डावा हात पाठीमागं लपवला. गोमतीबाईनं तो मनगटाला धरून पुढं ओढला आणि माझ्या टेबलावर, कागदाच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.